व्हॉल्व्हभक्त आणि पाच रुपयांचा फ्यूज

व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर बाळगणाऱ्या गृहस्थाची पारख गाणं चालू असताना होत नाही. तेव्हा तो शहाण्यासारखाच दिसतो. दिवाणखान्यातला मोठा दिवा मालवलेला, ईएल ३४ च्या चार नळ्या नारिंगी तेवताहेत, भीमसेनांची एलपी फिरते आहे आणि पाहुण्यांना चहाचा घोट गिळायचीही चोरी. ‘आवाजात ऊब आहे’ असं तो म्हणतो, आणि पोहे येईपर्यंत पाहुणेही माना डोलावतात. त्याचा खरा स्वभाव कळतो तो फ्यूज उडाल्यावर. हा माणूस कुठल्याही वस्तूच्या शब्दावर तिच्या किमतीच्या प्रमाणात विश्वास ठेवतो. हजारो रुपयांची नळी खरखरली तर ती ‘अजून रुळायची आहे’. लाखाचा स्पीकर घुमला तर दोष खोलीच्या भिंतींचा. पण पाच-दहा रुपयांची काचेची कांडी तुटली की गुन्हेगार जागच्या जागी सापडतो: फ्यूज भिकार होता! सोसायटीच्या वॉचमनने चोर बघून शिट्टी वाजवावी आणि सेक्रेटरीने वॉचमनच बदलावा, तसला हा न्याय.

वास्तविक त्या कांडीने मरताना जबाब दिलेला असतो. काच स्वच्छ आणि आतली तार मधेच अलगद तुटलेली असेल, तर भार थोडाच जास्त झाला किंवा तार थकली. काच आतून काळी पडली असेल, चंदेरी मुलामा चढला असेल, तर तार वितळली नाही, तिची वाफ झाली. म्हणजे आत कुठेतरी शॉर्ट आहे. आउटपुटची नळी गेली असेल, रेक्टिफायर गेला असेल, फिल्टरचा कपॅसिटर बसला असेल किंवा बायस नाहीसा झाल्यामुळे नळीची प्लेट लालबुंद होत असेल. व्हॉल्व्हभक्त हा जबाब न वाचता कांडी केराच्या टोपलीत टाकतो आणि दुकान गाठतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. दुकानदार विचारतो, ‘स्लो ब्लो की फास्ट?’ नळीचं साल आणि कारखाना तोंडपाठ असलेला हा गृहस्थ म्हणतो, ‘कुठलाही द्या हो, फ्यूजच तर आहे.’

फ्यूजच्या टोपीवर आकड्याआधी ‘टी’ किंवा ‘एफ’ असं अक्षर कोरलेलं असतं. ‘टी’ म्हणजे दमाने उडणारा. व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरला बहुधा तोच लागतो, कारण बटण दाबलं की थंड फिलॅमेंट नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह ओढतात, ट्रान्सफॉर्मर एक मोठा घोट घेतो आणि रिकामे कपॅसिटर भरायला लागतात. हे सगळं क्षणभराचं असतं, आणि तेवढं सोसायला दमदार फ्यूज हवा. आपल्या गृहस्थाने आणलेला असतो ‘एफ’. तो पहिल्या झटक्यालाच जातो. मग २ अँपिअरच्या जागी ५ चा येतो, आणि तोही गेला की सिगारेटच्या पाकिटातली चांदी. आता फ्यूज उडत नाही, हे खरं. त्याचं काम आता ट्रान्सफॉर्मर करतो, आणि तो काही पाच रुपयांत मिळत नाही.

याच जातीतली वरची पायरी म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेला, हजारोंचा परदेशी फ्यूज मागवणारा भक्त. त्या फ्यूजवर बाण असतो. वीज कुठल्या दिशेने वाहावी ते सांगणारा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते. बाणाने निम्मा वेळ काय करायचं, हे पेटीवर छापलेलं नसतं. शिवाय कोयनेपासून दिवाणखान्यापर्यंत वीज साध्या तारांतून आली, वाटेत कुठे बिघडली नाही, आणि शेवटच्या २० मिलिमीटरमध्ये तिच्यावर संस्कार झाले, असं मानावं लागतं.

यावर भक्त म्हणेल, ‘कान असलेल्याला फरक कळतो.’ व्हॉल्व्हबाबत हे खरं आहे. सम हार्मोनिक्स, भार वाढल्यावर हळूहळू दबणारा आवाज, आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा परिणाम हे सगळं यंत्रावर मोजता येतं, आणि व्हॉल्व्हची आवड ही भ्रमिष्टाची आवड नव्हे. पण फ्यूजबाबतचा दावा तपासायला एक सोपी रीत आहे: घरातल्या दुसऱ्या कोणी न सांगता फ्यूज बदलावा आणि याने ओळखावा. त्या दिवशी नेमकी याला सर्दी झालेली असते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: फ्यूज कधीकधी नुसता वयानेही जातो. जातो खरा. रोज तापून आणि निवून तार थकते. म्हणून एकदा त्याच आकड्याचा, त्याच अक्षराचा फ्यूज घालून बघणं योग्यच. दुसराही गेला, तर तो म्हातारपणाने मेला असं म्हणता येत नाही. आणि या भक्ताला अडाणीही म्हणता येत नाही. पुष्कळदा तो निवृत्त इंजिनिअर असतो. फ्यूजमध्ये जाड तार घालणाऱ्या कामगाराला त्याने कारखान्यात मेमो दिला असता. घरी मात्र मेकॅनिकने सिरीजमध्ये शंभर वॅटचा बल्ब लावायला काढला की त्याला अपमान वाटतो. एवढ्या किमती सेटची परीक्षा साध्या बल्बने घ्यायची? तो बल्ब सुरुवातीला भक्क पेटून मंदावला तर ठीक. तसाच प्रखर राहिला तर आत शॉर्ट आहे. इतकं स्वच्छ उत्तर त्याच्या कपाटातलं कुठलंच महागडं उपकरण देत नाही. पण बल्ब स्वस्त, म्हणून त्याचा शब्दही स्वस्त.

तेव्हा व्हॉल्व्हभक्तांना विनंती एवढीच. फ्यूजला हात लावण्याआधी प्लग भिंतीतून काढा. तळाचं झाकण स्वतः उघडू नका; प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चारशे-चारशे व्होल्ट दबा धरून असतात आणि त्यांना रसिक-अरसिक कळत नाही. उडालेला फ्यूज फेकू नका, मेकॅनिकला दाखवा. आणि तो बल्ब लावून बसला की त्याला नळ्यांची वंशावळ ऐकवू नका; बल्ब मंदावतो का, तिकडे बघा.