शिट्ट्या, साली आणि शेजार

"कोपऱ्यावरच्या बंगल्यात काल मोठं खोकं आलं, बघितलंस?" माईंनी कुंपणाच्या जाळीवरून विचारलं.

नाही बघितलं म्हणण्यात अर्थ नव्हता. मी खोकं बघत होते तेव्हा माई मला बघत होत्या.

"काय होतं त्यात?"

"पर्यावरणाचं सामान! विचारूनच आले. बांबूचे दात घासायचे ब्रश, स्टीलच्या नळ्या आणि काथ्याच्या घासण्या. खोक्यात खोकं, त्याच्या आत ते फुग्याफुग्यांचं प्लॅस्टिक, आणि त्यात गुंडाळलेला काथ्या. माझ्या दारात नारळाचं झाड आहे, शेंड्या न्यायला कुणी येत नाही. ह्या बाईने पैसे मोजून मागवल्या!"

"आणि नळ्यांनी काय पिणार?"

"ज्यूस म्हणे. मी म्हटलं, पेल्याला तोंड लावलं तर चालणार नाही का? तर हसली. बरी आहे गं मुलगी, नवीन आहे एवढंच."

माई म्हणजे गणिताच्या निवृत्त बाई. पुण्यातल्या आमच्या या जुन्या सोसायटीत त्यांचा आणि आमचा बंगला पाठीला पाठ लावून उभा. मध्ये छातीएवढी भिंत, भिंतीवर जाळी, जाळीवर मधुमालती. मधुमालतीला एक भगदाड आहे. ते आम्ही दोघींनीही कधी बुजू दिलेलं नाही.

"पण कापडी पिशव्याही आल्यात," मी म्हटलं. "त्या तरी बऱ्या."

"किती?"

"सहाचा संच."

"आणि आधीच्या घरात किती असतील? तुझ्याकडे किती आहेत?"

मी गप्प बसले. आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्यावर पिशव्यांचा एक गठ्ठा लोंबतो. मुंजीतल्या, लग्नांतल्या, साडीच्या दुकानांतल्या, एका बँकेच्या वर्धापन दिनाची एक. त्यांतली एकही भाजीला जाताना हाताशी नसते.

"सुती पिशवी घेतली की पुण्य लागलं, असं नसतं," माईंनी खडू हातात घेतल्यासारखी बोटं धरली. "कापूस पिकवायला पाणी लागतं, खत लागतं, मग सूत, मग रंग. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली हिशोब मांडला. नुसतं हवामानापुरतं बघितलं, तरी साधी सुती पिशवी ५२ वेळा वापरली तर ती त्यांच्याकडच्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. पाणी, ओझोन, सगळेच निकष धरले तर ७१०० वेळा. आता भाग तूच दे. रोज मंडईत गेलीस तरी किती वर्षं?"

"एकोणीस," मी म्हटलं. भागाकार मलाही येतो.

"म्हणून म्हणते, नवी घ्यायची नाही. आहे तीच फाटेपर्यंत वापरायची. आणि दारामागे टांगायची नाही, स्कूटरच्या डिकीत ठेवायची. माणूस पिशवी विसरतो, स्कूटर विसरत नाही."

पिशवीवरून विषय निघालाच तर एक सांगून ठेवते. दुकानदार 'कापडी' म्हणून जी रंगीत, हाताला खरखरीत, शिवण नसलेली पिशवी देतो, ती बहुतेक वेळा कापडाची नसतेच. कोपरा कापून चिमट्यात धरा आणि काडी लावा. सूत असेल तर कागदासारखं जळून राख होईल. ती पिशवी आक्रसते, वितळते आणि टोकाला काळा कडक मणी राहतो. ते प्लॅस्टिकच. राज्यात मार्च २०१८ मध्ये बंदी आली, जूनपासून दंड सुरू झाला, तेव्हा काही दिवस मंडईत सगळे शहाण्यासारखे वागले. मग हा मणीवाला अवतार आला आणि सगळ्यांचीच सोय झाली. माईंनी हा प्रयोग भाजीवाल्याच्या गाडीसमोर उभं राहून केला होता. तो बिचारा म्हणाला, "आजी, गाडी पेटेल."

"बरं, ते राहू दे," माई म्हणाल्या. "काल तुझ्याकडे छोले होते ना?"

"तुम्हाला वास आला?"

"वास कसला, शिट्ट्या! अकरा मोजल्या मी. भिजवले नव्हतेस."

खरंच नव्हते. पाहुणे ऐनवेळी ठरले होते. पण ही सबब माईंपुढे टिकण्यासारखी नव्हती.

"रात्री भिजवले तर निम्म्या वेळात शिजतात. साधी तूरडाळसुद्धा अर्धा तास भिजव, मग बघ. आणि पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करायचा. पाणी उकळलं की खाली होळी पेटवलीस तरी ते शंभर अंशांच्या वर जात नाही. कुकरात दाब असतो म्हणून साधारण १२० पर्यंत जातं, त्याच्या पुढे नाही. शिट्टी म्हणजे कुकर सांगतो, पोचलो. त्यानंतर मोठ्या जाळावर निघते ती वाफ म्हणजे तुझा गॅस, खिडकीतून माझ्या घरात येतो. मला त्याचा उपयोग नाही."

तेव्हापासून झालंय असं, की कुकर लावला आणि शिट्टी झाली की माझा हात आपोआप बटणाकडे जातो. गॅसच्या किमतीने हे झालं नसतं. आंतरराष्ट्रीय परिषदांनी तर नाहीच. माई मोजत असतील, एवढी धास्ती पुरते. शेजारणीचं कान देणं ही आपल्याकडची फार जुनी यंत्रणा आहे आणि तिला वीज लागत नाही. पुढच्या गल्लीतल्या अपार्टमेंटमध्ये बघते ना, प्रत्येकाचं दार बंद, कुणाच्या कुकरला किती शिट्ट्या झाल्या याचं कुणाला सुतक नाही. तिथे लिफ्टमध्ये 'पाणी वाचवा'चे स्टिकर लावतात. माझं स्टिकरशी भांडण नाही, पण स्टिकर तुम्हाला नंतर मंडईत भेटत नाही.

"दोडके आणलेत आज," मी विषय बदलायला म्हटलं.

"शिरा टाकू नकोस हं."

आता दोडक्याच्या शिरांची चटणी पुण्यातल्या माणसाला शिकवायची म्हणजे काय! पण ही चटणी बहुतेकींची मऊ पडते, कारण शिरा धुऊन लगेच कढईत जातात. धुवायचा तो अख्खा दोडका, नीट चोळून. मग फडक्याने कोरडा करून सोलाण्याने शिरा काढायच्या, बारीक चिरायच्या आणि पंख्याखाली थोडा वेळ पसरून ठेवायच्या. चमचाभर तेलावर मंद आचेवर परतत बसायचं. कंटाळा येतो नेमका तेव्हाच त्या कुरकुरीत व्हायला लागतात. मग तीळ, सुकं खोबरं, हिरवी मिरची, मीठ, चिमूटभर साखर. दुधीच्या सालीचं हेच. कलिंगडाचा पांढरा भाग किसून थालीपिठात जातो आणि काकडीच्या थालीपिठाच्या तोंडात मारतो. शिळ्या पोळीचं तर विचारूच नका. आमच्याकडे मुलं पोळ्या मुद्दाम उरवतात, सकाळी फोडणीची पोळी मिळावी म्हणून.

"आमच्या आजीच्या वेळी काही वाया जायचं नाही," मी सहज म्हणून गेले.

"आजीचं कौतुक पुरे," माई फटकन म्हणाल्या. "तुझी आजी निर्माल्य कुठे टाकायची? मुठेत. पाचोळा? रोज संध्याकाळी अंगणात पेटवायची, आणि त्या धुरात आम्ही परवचा म्हणायचो. प्लॅस्टिक नव्हतं म्हणून तिने टाकलं नाही, एवढंच. मिळालं असतं तर दुधाच्या पिशव्या धुऊन तिनेही माळ्यावर साठवल्या असत्या."

पाचोळ्याचं नाव निघालं आणि आम्ही दोघी एकदम हसलो. कारण या पाचोळ्यावरून आमच्या दोन घरांत कित्येक वर्षं धड बोलणं नव्हतं. आंबा माईंचा, मुळं त्यांच्याकडे, कैऱ्या त्यांच्याकडे, आणि पानं मात्र सगळी आमच्या अंगणात. आमच्या सासूबाई रोज सकाळी ती झाडून भिंतीवरून पलीकडे टाकायच्या. माईंचे यजमान दुपारी ती परत अलीकडे टाकायचे. दोघांपैकी कुणी एक अक्षर बोलत नसे. हा पत्रव्यवहार सासूबाई गेल्यावरच थांबला. मग मी पानं पेटवायला लागले, तेव्हा माईंना खोकला सुरू झाला आणि त्यांनी मला २०१६ चे घनकचऱ्याचे नियम वाचून दाखवले. कचरा उघड्यावर जाळायला बंदी आहे, हे मला जाळीपलीकडून कळलं.

पुढे मी खताचं पिंप आणलं आणि चित्र उलटलं. भाज्यांची देठं, साली, चहाचा चोथा, सगळं भरत गेले. आठवड्यात असा वास सुटला की आमच्या ह्यांनी वर्तमानपत्र घेऊन पुढच्या अंगणात मुक्काम हलवला. माईंनी भगदाडातून नाक आत घातलं.

"नुसता ओला कचरा घातलायस. त्यात पाणी फार, नत्र फार. हवा कुठून जाणार? सुकं घाल. एक ओंजळ ओलं, दोन ओंजळी पाचोळा."

"पाचोळा कुठून आणू? जाळला सगळा."

माईंनी वर आंब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि काहीच बोलल्या नाहीत. तेवढा मोठेपणा त्यांनी दाखवला.

आता पानांवर माझा हक्क आहे. त्यांच्याकडची झाडणारी मुलगी पोतं भरून भिंतीवर ठेवते. पिंपात एक थर साली, एक थर चुरडलेली पानं, वर आंबट ताकाचा शिपका. आठवड्यातून एकदा काठीने खालवर करायचं. पावसाळ्यात पांढुरक्या, जाड, वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तेव्हा आमचे हे दोन पावलं मागे सरकले आणि पिंप रस्त्यावर ठेवा म्हणाले. त्या काळ्या सोल्जर माशीच्या अळ्या, घाण खाऊन फस्त करतात, चावत नाहीत, घरात शिरत नाहीत. हेही माईंनीच सांगितलं. दोन-तीन महिन्यांनी तळाशी काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या वासाचं खत निघतं. निम्मं माईंच्या कढीपत्त्याला जातं, कारण पानं त्यांची. महापालिका गांडूळखतासारख्या प्रकल्पांना मिळकतकरात सवलतही देते, पण त्यासाठी अर्ज करा, तपासणीला माणूस बोलवा. आमच्या ह्यांना अळ्या चालतील, अर्ज चालणार नाही.

कचरा न्यायला येणारी ताई मात्र खूश आहे. आमच्याकडून तिला आता फक्त सुका डबा मिळतो. पुण्यात कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' १९९३ पासून आहे. तिच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली, आणि २००८ पासून तिच्या बाया महापालिकेशी करार करून दारोदार येतात. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी डब्यात सगळं एकत्र कोंबतात. ताईने मला दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे दुधाच्या पिशवीचा कोपरा पुरता कापायचा नाही. काप द्यायचा, पण तुकडा पिशवीलाच लोंबता ठेवायचा. सुटा झालेला तो नखाएवढा तुकडा कुणीच वेचू शकत नाही, तो गटारातून सरळ नदीत. पिशवी विसळून वाळवून दिली तर तिला भाव येतो. दुसरी गोष्ट म्हणजे सॅनिटरी पॅड आणि बाळाचे डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा. ताई सांगत होती, "नुसती पुडी असली की उघडून बघावं लागतं वहिनी, आत काय कागद, काय डबा. लाल दिसलं की हात लावत नाही." लाल स्केचपेन आता आमच्या न्हाणीघराच्या कोनाड्यात असतं. कोपऱ्यावरच्या नव्या मुलीला हे कुणी सांगितलंय का, असं मी माईंना विचारलं.

"उद्या सांगते. तिच्याकडे आरओसुद्धा लावलाय. आपल्याला खडकवासल्याचं गोड पाणी, आणि हिने आरओ लावला! त्यातून पेलाभर पाणी निघताना दोन-तीन पेले मोरीत जातात. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तिथे आरओ नको, असं हरित लवादाने २०१९ सालीच म्हटलंय."

"टँकर येतो ना माई उन्हाळ्यात?"

"टँकरच्या पाण्याला लाव की! वर्षभर कशाला? आणि ते फेकायचं पाणी बादलीत धर, लादी पुस, संडासात ओत. कुंड्यांना नको रोज रोज, क्षार साठतात."

मग एसीचा विषय निघाला. आमच्याकडे एक आहे, माईंकडे नाही, त्यामुळे त्यांना त्यावर बोलण्याचा पूर्ण अधिकार आहे. २४ वर ठेव, एकेका अंशामागे सहा टक्के वीज वाचते, एवढं सांगून त्यांनी तो संपवला. त्यांचं लक्ष रस्त्याकडे गेलं होतं. कोपऱ्यावरची मुलगी हातात दोन पिशव्या घेऊन येत होती. माईंनी चष्मा नाकावर चढवला.

"कापडाच्याच दिसतात गं."

"मणी की राख?"

"इथून कळत नाही. थांब, हाक मारते." हाक मारायला त्या वळल्या, मग पुन्हा जाळीशी आल्या आणि आवाज जरा खाली आणला. "आणि हो, तुझ्या न्हाणीघराच्या खिडकीतून गीझरचा लाल दिवा दिसतो रात्रभर. मी काही बोलणार नव्हते."