बालआहार (जूचंद्र परिसर)

जूचंद्र परिसरातील सहा वर्षांखालील मुलाचा आहार दोन ठिकाणी ठरतो : अंगणवाडीत आणि प्ले ग्रुपमध्ये. पहिला सरकार ठरवते, दुसरा पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. घरात शिजते ते तिसरे. पण त्याचा छापील तक्ता नसल्यामुळे ते शास्त्रात धरले जात नाही.

अंगणवाडीचे मूळ याच पालघर जिल्ह्यातले. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि मुले शाळेत येत नसतील तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, असे ठरले. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना आली आणि अंगणवाडी सरकारी झाली. पुढे जूचंद्रच्या आसपास, नायगाव पूर्वेला टॉवर उभे राहिले. अंगण बिल्डरकडे गेले, वाडी तेवढी उरली. शहरी भागात तीही बहुधा भाड्याच्या खोलीत भरते.

अंगणवाडीतील आहाराचे गणित लहान मुलालाही समजावे इतके सोपे आहे. रोज 500 किलोकॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिने, हा 2017 मधला निकष. त्यासाठीचा खर्च त्याच वर्षी दर मुलामागे सहा रुपयांवरून आठ रुपये करण्यात आला. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिने असतात आणि किरकोळ दुकानात ते सहा-आठ रुपयांना पडते. म्हणजे निकष दोन अंड्यांचा, पैसे एका अंड्याचे. दुसरे अंडे, तांदूळ, डाळ, तेल, तिखट-मीठ आणि गॅस हे सारे शिजवणाऱ्या बायकांच्या हाताच्या चवीतून भागवायचे असते. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात हे दर वाढवण्याचे आश्वासन दिले गेले. आश्वासनात किती कॅलरी असतात, ते मात्र तक्त्यात दिलेले नाही.

प्रत्यक्ष अंडे मिळणे हा भूगोलाचा विषय आहे. अमृत आहार योजनेत जव्हार, मोखाड्यासारख्या आदिवासी भागांतील मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. शाळेत जाणाऱ्या थोरल्या भावंडांसाठी नोव्हेंबर 2023 मध्ये आठवड्याला एक अंडे मंजूर झाले. जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी थांबला आणि अंडी व साखर लोकसहभागातून मिळवावी, असे शाळांना सांगण्यात आले. या लोकसहभागात कोंबड्यांना धरले आहे की नाही, याचा खुलासा झालेला नाही.

तीन वर्षांखालील मुलांना शिधा घरी नेण्यासाठी मिळतो. जुलै 2025 पासून तो देण्याआधी अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर अ‍ॅपला चेहरा ओळखावा लागतो. खाणार मूल, चेहरा आईचा. सेविका त्या बाईला माहेरच्या नावासकट ओळखत असते. पण रेंज गेली की अ‍ॅप ओळखत नाही, आणि हिशेबात ओळख अ‍ॅपचीच धरली जाते. खुराकाचे पाकीट टेबलावर, आई टेबलापलीकडे आणि मधे गोल गोल फिरणारे चक्र : डिजिटल पोषणाची ही पहिली पायरी होय.

सप्टेंबर हा पोषण माह. त्यात कडधान्ये, भाज्या आणि फळे मांडून रांगोळी काढण्याचा रिवाज सर्वत्र आहे. जूचंद्र हे रांगोळीकारांचेच गाव असल्याने येथे या शाखेला उज्ज्वल भवितव्य आहे. मूग हिरव्या रंगासाठी, मसूर केशरीसाठी, मधोमध बीट. फोटो वर चढवला की त्या दिवसाचे पोषण पूर्ण होते.

प्ले ग्रुपचा आहार याहून प्रगत असतो. तेथे पालक फी भरतात आणि डबाही तेच भरतात. दाराशी रंगीत तक्ता लावलेला असतो : सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी मोड आलेले कडधान्य, बुधवारी फळे, गुरुवारी उपमा आणि शुक्रवारी ‘फ्री डे’. चार दिवसांत मिळवलेले जीवनसत्त्व फ्री डेला नूडल्स, वेफर्स आणि क्रीमच्या बिस्किटांच्या साहाय्याने फेडले जाते. शिवाय वाढदिवस असतात. वर्गात पंचवीस मुले असली की वर्षात पंचवीस केक होतात, आणि सोबत घरी नेण्याच्या पिशवीत चॉकलेटे.

अशा शाळांच्या सूचनापत्रकात पुष्कळदा एक ठळक ओळ असते : डब्यात नॉनव्हेज आणू नये. आगरी वस्तीच्या, मिठागरांच्या काठच्या गावात ही ओळ वाचण्यासारखी आहे. आजीच्या चुलीवरचा जवळा, सुकट, उकडलेले अंडे हे सारे तिच्यामुळे बाद होते. प्रथिनांचा वास येतो. मैद्याला तो येत नाही, म्हणून तो शिस्तीत बसतो. नाचणीला बंदी नाही, फक्त तिचा रंग फोटोत चांगला येत नाही. 100 ग्रॅम नाचणीत 350 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. वसईची सुकेळीही चालण्यासारखी आहेत, पण ती कार्टूनच्या पाकिटात मिळत नाहीत.

दुधात घालायच्या चॉकलेटी पुडीचा उल्लेख येथे अटळ आहे. एप्रिल 2024 मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’च्या रकान्यातून काढायला सांगितली. रकाना बदलला, डब्यातला चमचा तोच राहिला. दोन वर्षांखालील मुलाला वरची साखर देऊ नये, असे राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. त्या वयाच्या मुलाला ते वाचता येत नाही आणि मोठ्यांना वेळ नसतो. शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जादा साखर, मीठ व चरबीचे पदार्थ विकू नयेत, असा 2020 चा नियम आहे. प्ले ग्रुप इमारतीच्या तळमजल्यावरील गाळ्यात आणि वेफर्सचे दुकान शेजारच्या गाळ्यात असेल, तर हे 50 मीटर नऊ इंची भिंतीत बसवावे लागतात.

शेवटचा भाग मोजमापाचा. अंगणवाडीत मुलाच्या दंडाला फीत लावतात : 11.5 सेंटिमीटरखाली लाल, 12.5 पर्यंत पिवळी, त्यापुढे हिरवी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील 35.2 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. प्ले ग्रुपमध्ये फीत नसते. तेथे रिकामा परत आलेला डबा हे पोषणाचे प्रमाण मानतात. डबा मुलाने संपवला, शेजारच्याने की कचऱ्याच्या बादलीने, हा तपशील त्यात येत नाही. अ‍ॅपमध्ये वजन, उंची, हजेरी आणि आहार दिल्याची नोंद होते, तक्त्यावर वार असतो. मुलाने किती खाल्ले हे लिहायला दोन्हीकडे रकाना नाही.