घरमालकाचा मालक

नूतनीकरणाचा निर्णय घरमालक घेतो, ही समजूत खरेदीखताच्या दृष्टीने बरोबर असली, तरी मुंबई-पुण्याकडची घरे पाहिली असता निर्णय घर घेते आणि मालक त्याचे हप्ते फेडतो, असेच आढळते.

बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट या सरकारी खात्याने 1920 च्या दशकात मुंबईत उभारलेल्या, आणि म्हणूनच बीडीडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चाळींतील खोली सुमारे 160 चौरस फुटांची. तिला वाढायचे झाले तर दोन्ही अंगांना शेजारी आणि दारात सामाईक वाट. अशा खोल्यांपुढे वरची दिशा तेवढी मोकळी उरते आणि पोटमाळा, म्हणजे छताखाली आडवा टाकलेला अर्धा मजला, जन्माला येतो. त्यावर मखर, गाद्या आणि बारावीचा विद्यार्थी एकत्र ठेवता येतात. तेथे ताठ उभे राहता येत नाही ही तक्रार खरी, पण निदान मखराने ती कधी केलेली नाही.

भारवाहू बांधणीत वरच्या मजल्याचे ओझे भिंतीच पेलतात, त्यामुळे तेथे शहाणा माणूस खिळाही विचारून ठोकतो. आरसीसी इमारतीत मात्र ते ओझे खांब आणि तुळया उचलतात, मधल्या भिंती बहुधा नुसत्या आडोशाच्या असतात, आणि हे कळताच मालकाच्या अंगात बळ संचारते. तो बाल्कनी हॉलमध्ये घेतो. भिंत जाते, पण तुळई डोक्यावर तशीच राहते. ती झाकण्यासाठी पीओपीचे खोटे छत येते, छत खाली आल्याने पंख्याची दांडी कापावी लागते, आणि कपडे वाळत घालायला जागा उरली नाही असे ध्यानात आल्यावर खिडकीबाहेर लोखंडी पिंजरा बसवून गमावलेली बाल्कनी, आता बसता येणार नाही इतक्या बेताची, पुन्हा विकत घेतली जाते.

न्हाणीघरात तर मालकाचा शब्द सर्वांत दुबळा. तेथील स्लॅब पाइप पुरण्यासाठी मुद्दाम खाली घेतलेला असल्याने न्हाणीघर जागचे हलत नाही, आणि त्याची दुरुस्ती केव्हा करायची हे खालच्या मजल्यावरील कुटुंब आपल्या छताकडे पाहून ठरवते. गळती शोधताना चार टाइल्स फुटतात. ते डिझाइन कंपनीने केव्हाच बंद केलेले असते, म्हणून चौघींसाठी सगळ्याच बदलल्या जातात, आणि नव्या टाइल्सचा झगमगाट दारातून बाहेर पडताच स्वयंपाकघराचा ओटा एकाएकी जुनाट दिसू लागतो.