बशीतला कॅन्सर

स्तनाचा कर्करोग बरा झाला आहे. पेणजवळच्या जोह्यातल्या गणपतीच्या कारखान्यांपर्यंत ही बातमी पोचली, मुंबईच्या डॉक्टरांना अजून कळायची आहे. आमचे तात्या रंगाची गन बाजूला ठेवून मोबाइलवर वाचून दाखवतात : अमुक पाल्याच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी मेल्या. झाड दर आठवड्याला बदलतं. मागे लक्ष्मणफळ होतं, केमोपेक्षा 10,000 पट प्रभावी. आता तात्यांची नजर गणपतीच्या पत्रीवर आहे. माका, आघाडा, डोरली; "पूर्वजांची केमोच ती!"

पेशी मेल्या हे खरंच. कोणाच्या, ते तात्या विचारत नाहीत. अशा प्रयोगांत हमखास वापरतात त्या एमसीएफ-7 पेशी 1970 साली मिशिगनमधल्या एका ननच्या छातीत साठलेल्या पाण्यातून घेतलेल्या. सिस्टर त्याच वर्षी वारल्या, पेशी जगभरच्या प्रयोगशाळांतल्या बश्यांत अजून वाढताहेत. म्हणजे तुळस, हळद, कडुनिंब घालून आपण इतकी वर्षं ज्या बाईंना बरं करतोय, त्यांना उतार पडायची शक्यता कमीच. शिवाय बशीतली पेशी मारायला पेणच्या मिठागरातलं मूठभर मीठही पुरतं. आमच्या कारखान्यातलं थिनर तर त्याहून गुणकारी. त्याला आयुर्वेदात आधार सापडला नाही म्हणून ते मागे पडलं.

खरी तपासणी आपल्याच जिल्ह्यात, खारघरला टाटाच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात होते. पेशींची वाढ निम्म्यावर आणायला मिलिलीटरला 20 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी अर्क पुरला, तर त्यात दम आहे असं धरतात. दम आहे म्हणजे पुढचं काम सुरू करा. आमच्याकडे तिथेच आरती होऊन प्रसाद वाटला जातो.

झाडातून औषध निघत नाही असं कोण म्हणतो? सदाफुलीतून निघालं. नंदुरबारच्या मनसुख वाणींनी मन्‍रो वॉल यांच्यासोबत अमेरिकेत यू झाडाच्या सालीतून टॅक्सॉल काढलं. साल गोळा केली 1962 साली, रेणूची रचना छापली 1971 साली, स्तनाच्या कर्करोगासाठी तिथली परवानगी मिळाली 1994 साली. तेही मोजून-मापून शिरेतून द्यायचं. यूचा काढा करून प्यायलात तर कर्करोगाच्या आधी हृदय थांबेल, इतकं ते झाड विषारी.

"बत्तीस वर्षं!" तात्या हळहळले. "तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं ना."

डोळ्यांची आखणी करणाऱ्या वहिनींनी ब्रश खाली ठेवला. छातीत गाठ लागतेय, दुखत नाही, पण होळीपासून आहे, असं त्या हळूच म्हणाल्या. तात्यांनी लगेच काढा सांगितला. तीन महिने घ्या, मग गरज वाटली तर बघू डॉक्टरकडे.

"आणि तुमचा मोतीबिंदू हो, तात्या? त्याला कुठला पाला लावलात?"

"छे! त्याचं पनवेलला ऑपरेशन केलं. डोळ्याचं काम, तिथे पाल्यावर कसं सोडायचं?"