बोक्याची पट्टी

ऑस्लो,
जानेवारी, बाहेर उणे बारा

तीर्थरूप अण्णांस,


फोनवर तुम्ही बोक्याचा भाव विचारलात आणि मी ‘रेंज गेली’ म्हणून फोन ठेवला. इथे रेंज जात नाही. भाव आईच्या कानावर घातलाय, तुमचं जेवण झालं की ती सांगेल.

मालाचं वर्णन मात्र देते. वजन सहा किलो, पोत्यासकट. जात स्कोगकात, म्हणजे जंगलातलं मांजर. अंगावर केसांचे दोन थर : आत लोकर, वर तेलकट ताडपत्री. मृगाच्या पहिल्या सरीला मार्केट यार्डात पोती झाकायला जी पळापळ होते, ती याला करावी लागत नाही. पाणी अंगावरून ओघळून जातं. ही जात कुणी ठरवून पैदा केलेली नाही. थंडीनंच चाळण लावली, ज्यांना हिवाळा झेपला त्यांची पिल्लं उरली.

शतकानुशतकं ही मांजरं नॉर्वेतल्या शेतघरांत उंदीर मारत होती, जात कुणी विचारली नाही. १९३८ साली ऑस्लोतल्या शौकिनांनी मनावर घेतलं, तर महायुद्ध आलं आणि गावातल्या मांजरांत मिसळून जातच बुडायला निघाली. पुढे पान्स त्रुल्स नावाचा बोका नमुन्याचा माल ठरला आणि १९७७ साली आंतरराष्ट्रीय मांजर महासंघाची मान्यता मिळाली. जातीच्या दाखल्याला वेळ लागतो, हे तुम्हाला काय सांगायचं!

आईला सांगा, इथल्या जुन्या पुराणात फ्रेया देवीचा रथ दोन मांजरं ओढतात. आपल्या षष्ठीदेवीचं एकात भागतं.

बाकी पाळीव मांजर मुळात तुमच्याच धंद्यातलं. पश्चिम आशियात माणसानं धान्य साठवलं, धान्यामागे उंदीर आले, उंदरांमागे रानमांजर. सायप्रसमध्ये साडेनऊ हजार वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलंय. म्हणजे आपल्या गाळ्यातली मनी आणि हा राजेश्री भाऊबंदच, दोघांचं घराणं भुसारातलं. मनी फुकट आली आणि गुळाच्या ढेपांमागे रोज हजेरी लावते. आमच्याकडे परवा उंदीर निघाला, तेव्हा राजेश्री कपाटावर चढून बघत बसले. उंदीर जावयांनी झाडूनं हाकलला.

पोरांना वर्गात दाखवायला मनीचा एक फोटो पाठवा. जमलं तर उंदरासकट.

तुमची,
सुमी