पानेबहाद्दर

मोटारसायकलवरून लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या मंडळींत, गाडी थांबताच डोक्यावरचे हेल्मेट उतरवण्याआधी पिशवीतला पाना काढणारा जो इसम असतो, तो पानेबहाद्दर. वय साधारण पस्तीस ते पंचावन्न. व्यवसाय बहुधा खुर्चीतला. घरातल्या गळक्या नळाचा नट त्याने आजवर आवळलेला नसतो, त्यासाठी प्लंबर येतो. गाडीच्या बाबतीत मात्र जगातल्या कुठल्याही दुसऱ्या माणसाच्या हातावर त्याचा विश्वास नाही. कारखान्यात यंत्राने आवळलेला बोल्टही त्याच्या लेखी तात्पुरता असतो.

हा प्राणी महाराष्ट्रात सर्वत्र आढळतो, पण निवांत निरीक्षण करायचे असेल तर बीड जिल्ह्यातले मांजरसुंबा उत्तम. सोलापूर-धुळे महामार्ग इथून जातो, आणि पाटोदा-जामखेडकडून येऊन केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता त्याला इथेच छेदतो. वेरूळचे घृष्णेश्वर करून तुळजापूरला निघालेले, पुण्याहून नगर-जामखेडमार्गे परळी वैजनाथला निघालेले, असे सगळे या चौकात थांबतात. बीडकडून येणाऱ्याला बालाघाटाच्या डोंगरातला घाट चढून यावे लागते. शिवाय मांजरसुंब्याची रबडी प्रसिद्ध आहे, त्यामुळे न थांबणारेही थांबतात. बाकीचे रबडीच्या दुकानाकडे वळतात. पानेबहाद्दर गाडीशेजारी उकिडवा बसतो.

त्याची आयुधे पाहण्यासारखी असतात. दहाचा, बारा-तेराचा आणि चौदा-सतराचा पाना, एलन कींचा जुडगा, पक्कड, तांब्याची तार, केबल टाय आणि एका डबीत वेगवेगळ्या गाड्यांतून ‘उरलेले’ बोल्ट. गाडी खोलून पुन्हा जोडल्यावर बोल्ट उरतात कसे, हा प्रश्न त्याला विचारू नये. यांतला दहाचा पाना नेहमी हरवलेला असतो. आणि लागतो तोच, कारण सहा मिलिमीटरच्या बोल्टचे डोके सहसा दहाचे असते आणि मोटारसायकलवरचे निम्मे किरकोळ बोल्ट सहाचे असतात. अलीकडे काहींकडे टॉर्क पानाही दिसतो. ठरलेल्या जोराला तो ‘कट्’ असा आवाज करतो. पानेबहाद्दर तो आवाज ऐकतो, मान डोलावतो आणि खात्रीसाठी आणखी पाव आटा पिळतो.

बोल्ट सैल का होतो, याबद्दल त्याचे मत ठाम आहे: नीट आवळला नव्हता. खरी गोष्ट जरा निराळी आहे. आवळल्यावर बोल्ट किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने दोन भाग एकमेकांवर दाबून धरले जातात. काम हा ताण करतो. गाडी चालताना ते दोन भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले, की आट्यांमधले आणि डोक्याखालचे घर्षण निसटते आणि बोल्ट आपल्या आपण उलटा फिरू लागतो. गेर्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 साली हे प्रयोगाने दाखवले. बोल्टच्या रेषेत बसणाऱ्या हादऱ्यांपेक्षा आडवी थरथर कितीतरी अधिक घातक, हे त्याच्या यंत्रावर स्पष्ट दिसले. नव्या गाडीत आणखी एक कारण असते. बोल्टच्या डोक्याखालचा रंग आणि मुलामा दाबला जाऊन थोडा बसतो, ताण कमी होतो. म्हणूनच पाचशे-हजार किलोमीटरच्या पहिल्या सर्व्हिसिंगला सगळे बोल्ट एकदा तपासायची पद्धत आहे. सायलेन्सरच्या बोल्टांना याखेरीज तापणे-निवणे सोसावे लागते. युंकरचे नाव पानेबहाद्दराच्या कानावर गेलेले नसते. त्याच्याकडे त्याचा मनगटाचा अंदाज आहे आणि तो वडिलांकडून आलेला आहे.

हा अंदाज नेहमी जास्तीचाच असतो. पान्याला लावलेल्या जोरातले साधारण निम्मे बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जाते, चाळीसेक टक्के आट्यांत, आणि बोल्ट ताणायला उरतात जेमतेम दहा टक्के. त्यामुळे आटे कोरडे की तेलकट यावर सगळा हिशेब फिरतो. तेल लावलेला बोल्ट त्याच जोराला बराच जास्त ताणला जातो. पानेबहाद्दर आधी तेल सोडतो आणि मग नेहमीपेक्षा दुप्पट ताकद लावतो. सहाच्या साध्या बोल्टला सुमारे दहा न्यूटन-मीटर पुरे असतात, म्हणजे छोट्या पान्यावर मनगटाचा बेताचा जोर. आठच्या बोल्टला पंचवीसच्या आसपास. पानेबहाद्दर दोघांनाही सारखाच न्याय देतो. बोल्ट पोलादी आणि इंजिनचे कवच ॲल्युमिनियमचे, त्यामुळे हरतात ते कवचातले आटे. ऑइल बदलताना खालचा बोल्ट गोल गोल फिरत राहिला आणि घट्टच होईना, की समजावे: आटे गेले.

कधी आट्यांआधी सहाचा बोल्टच तुटतो. त्यानंतरचा प्रवेश रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये होतो. या भागातल्या मिस्त्रीचा हात ट्रकचे पाटे, त्यांचे यू-बोल्ट आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर बसलेला. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातले ऊसतोड कामगार कारखान्यांकडे निघतात, तेव्हा त्याला जेवायला फुरसत नसते. अशा माणसापुढे पाठीला बॅग, गुडघ्याला पॅड आणि हातात तुटका बोल्ट असलेला गृहस्थ उभा राहतो.

‘‘लईच पिळलंय की हो दादा,’’ मिस्त्री बोल्टकडे बघत म्हणतो. ‘‘भावकीवरचा राग बोल्टावर कामून काढायलाव?’’

‘‘अहो, व्हायब्रेशनने सुटतो ना तो!’’

‘‘सुटला असता तर पुन्हा लावला असता. आता तुटलाय. ह्याला टॅप मारावं लागंल.’’

मग सहाचे भोक मोठे होते, त्यात आठचे आटे पाडले जातात आणि आठचा बोल्ट बसतो. शहरातल्या गॅरेजमध्ये हेलिकॉइल नावाची तारेची वेटोळी बसवून मूळ मापाचे आटे परत देतात. मिस्त्रीचा मार्ग स्वस्त आणि टिकाऊ असतो, एवढेच की पुढच्या वेळी पिळायला धातू कमी उरलेला असतो. पानेबहाद्दराला ही तंबी वाटत नाही. आठचा बोल्ट बसला याचा त्याला अभिमानच वाटतो.

आरशाचा प्रसंग त्याच्या चरित्रात हमखास येतो. काही गाड्यांच्या उजव्या आरशाला उलटे आटे असतात, यामाहाच्या पुष्कळ गाड्यांना तर असतातच. सायकलच्या डाव्या पायडलला उलटे आटे असतात, हे लहानपणी पंक्चर काढणाऱ्याकडे बसलेल्या प्रत्येकाला माहीत असते. ते ज्ञान मोटारसायकलपर्यंत येताना कुठेतरी गळते. पानेबहाद्दर आरसा घट्ट करायला बसतो, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवतो, आणि आरसा अधिकाधिक सैल होत जातो. शेवटी तो हातात येतो. ‘‘क्वालिटीच राहिली नाही,’’ असे म्हणून तो बॅगेत ठेवला जातो आणि पुढचा प्रवास मान वळवून केला जातो.

उपायांच्या बाबतीत त्याची श्रद्धा अनेक देवांवर आहे. पहिला मान स्प्रिंग वॉशरचा. तो बोल्ट पूर्ण आवळल्यावर चपटा होऊन साध्या वॉशरसारखाच पडून राहतो, आणि आडव्या थरथरीच्या चाचणीत त्याचा फारसा उपयोग दिसत नाही. तरी त्याच्याशिवाय बोल्ट लावणे पानेबहाद्दराला अशुभ वाटते. दुसरा नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचे कडे असलेला. हा खरोखर चांगला, पण एकदा काढला की बदलायचा असतो आणि सायलेन्सरजवळच्या उष्णतेत त्याचे नायलॉन टिकत नाही. पानेबहाद्दर तोच नट वर्षानुवर्षे वापरतो, शक्यतो सायलेन्सरलाच. तिसरे लॉकटाइट. अमेरिकेतले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी 1950च्या दशकात बाजारात आणलेले हे द्रव्य हवा नसलेल्या जागी, धातूच्या सान्निध्यात घट्ट होते. निळे लावलेला बोल्ट साध्या पान्याने निघतो, लाल लावलेला काढायला आधी तापवावा लागतो. आटे स्वच्छ पुसून एखादा थेंब पुरतो आणि पूर्ण ताकद यायला साधारण 24 तास जातात. पानेबहाद्दर धुळीने माखलेल्या आट्यांवर अर्धी बाटली ओततो, रंग हाताला येईल तो, आणि एक रबडी संपली की गाडी सुरू करतो.

चकचकीत स्टेनलेसच्या बोल्टांचे वेड हा या जातीचा नवा रोग. गंजत नाहीत हे खरे, पण बाजारात सहज मिळणारा स्टेनलेस बोल्ट डोक्यावर 8.8 कोरलेल्या साध्या पोलादी बोल्टपेक्षा कमी ताकदीचा असतो. नंबर प्लेटला शोभेल. ब्रेकच्या कॅलिपरला लावणे म्हणजे अविचार.

इथे त्याच्या स्वभावातला मुख्य दोष सांगायला हवा. त्याचा पाना आवाजामागे जातो. चेन कव्हर, साडीगार्ड, मागचे कॅरिअर, हे खडखडतात, म्हणून दर थांब्याला त्यांची पूजा होते. यातले काही सुटून पडले तरी फार तर मागच्या गाडीवाल्याची शिवी मिळते. चाकाच्या ॲक्सलचा नट, कॅलिपरचे बोल्ट, मागच्या स्प्रॉकेटचे नट आणि हँडलचे क्लॅम्प हे मात्र सैल होताना सहसा बोलत नाहीत. चेन ताणून घेतल्यावर ॲक्सलचा नट शेवटपर्यंत आवळायचा राहून गेला, ही चूक सर्वांत धोकादायक, आणि ती सैल साडीगार्डाकडे लक्ष असतानाच होते. शिवाय घाट चढून आलेले इंजिन तापलेले असताना त्याचे बोल्ट पिळणे हेही त्याचेच काम. पुस्तकातली मापे थंड इंजिनासाठी दिलेली असतात.

पानेबहाद्दराच्या उपजाती आहेत. एक जण पाना न लावता कानाने रोग ओळखतो. चालत्या गाडीशेजारून जाताना ‘‘तुझ्या इंजिनचं फाउंडेशन ढिलं आहे’’ असे ओरडून पुढे निघतो आणि ऐकणाऱ्याच्या पुढच्या शंभर किलोमीटरची शांती घालवतो. दुसरा स्वतःजवळ एकही पाना बाळगत नाही, पण दुसऱ्याच्या हातातल्या पान्याला दिशा देतो. हा गटात एकच असावा. तोही जास्तच होतो.

काळ मात्र या मंडळींच्या विरुद्ध चालला आहे. जुन्या बुलेट 350 च्या इंजिनात 70 मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या 90 मिलिमीटर वरखाली व्हायचा. एकच सिलिंडर आणि त्याला तोलणारे काही नाही, त्यामुळे मुक्कामी पोचल्यावर बोल्ट मोजायला खरेच कारण होते. 2020 मध्ये आलेल्या मीटिऑर 350 च्या इंजिनात तोल सांभाळणारा बॅलन्सर शाफ्ट आला, पाठोपाठ क्लासिक आणि बुलेटलाही ते इंजिन मिळाले. थरथर ओसरली आणि पानेबहाद्दराच्या पोटावर पाय आला. भरीस भर म्हणून 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची झाली. ती एकदा बसवली की तोडल्याशिवाय न निघणाऱ्या खिळ्यांनी जोडलेली असते. त्याच्या हक्काचे दोन बोल्ट सरकारने काढून घेतले.

यातूनही एखादा सुधारतो. तो घरातून नेलपॉलिशची बाटली पळवतो आणि योग्य जोराने आवळलेल्या बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या भागापर्यंत एक बारीक रेघ ओढतो. कारखान्यांत आणि विमानांच्या देखभालीत हीच पद्धत आहे. रेघ सलग दिसली तर बोल्ट जागेवर, तुटलेली दिसली तर फिरला. पाना पिशवीतून बाहेर काढावा लागत नाही. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने एवढे करावे: दोन्ही ॲक्सल, कॅलिपर, स्प्रॉकेट, हँडल आणि इंजिनचे फाउंडेशन यांवर रेघा ओढाव्यात, रोज सकाळी थंड गाडीभोवती एक फेरी मारून त्या पाहाव्यात, आणि गटात पानेबहाद्दर असेल तर थांब्यावर गाडीची किल्ली आणि दहाचा पाना आपल्या खिशात ठेवावा.