एकपदार्थी आतोबा

मराठी घराण्यात एक तरी एकपदार्थी पुरुष असतोच. एरवी त्याला हिंगाची डबी कुठे असते ते ठाऊक नसतं, दूध उतू गेलं तर तो बायकोला हाक मारतो; पण कोजागिरीचं मसाला दूध असो, शेतावरचं वांग्याचं भरीत असो की रविवारचं ऑम्लेट, तो एक पदार्थ त्याचा. त्यात दुसऱ्या कुणी हात घालायचा नाही. त्या दिवशी घरातली सगळी पातेली बाहेर निघतात, पोरांना बोलावून बोलावून चव दाखवली जाते आणि जेवणं झाली की हे गृहस्थ दमून पंख्याखाली बसतात. भांडी कोण घासतं हे सांगायला नको.

आमच्या घराण्यात हा मान आतोबांचा. फक्त त्यांचा पदार्थ जरा आडवाटेचा. पास्त्याचं गार सॅलड, भरपूर मेयोनीज आणि सावर क्रीम घातलेलं, आणि त्यात आंबट डिल पिकलचे तुकडे.

आतोबा मूळचे मिरजेचे. 1984 साली नोकरीसाठी ओहायोत, कोलंबसला गेले आणि तिथलेच झाले. शाकाहारी, अंडं तेवढं चालतं. त्या काळी तिकडे शाकाहारी माणसाची लोक आधी तब्येतीची चौकशी करत आणि मग त्याला चिकन वाढत. कंपनीच्या पहिल्याच उन्हाळी पिकनिकला टेबलावर हॉट डॉग, हॅम्बर्गर आणि बीन्स. बीन्स बघून जीव भांड्यात पडतोय तोवर त्यातही बेकन निघालं. आतोबा कागदी बशी घेऊन टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. शेवटच्या टोकाला एका सहकाऱ्याच्या बायकोने आणलेलं हे सॅलड होतं. "तीनदा घेतलं," आतोबा अजून सांगतात, "चौथ्यांदा गेलो तर ती बाईच म्हणाली, बाउलच घरी घेऊन जा." दुसऱ्या दिवशी त्यांनी कृती मागितली आणि ती एका कार्डावर लिहून मिळाली. त्या कार्डावर आता इतके डाग आहेत की 'पास्ता' एवढा एकच शब्द वाचता येतो. तरी ते समोर उभं केल्याशिवाय आतोबा पाण्याला आधण ठेवत नाहीत.

आता यातली मेख. आतोबांना लहानपणापासून शेपूचा तिटकारा. मिरजेच्या घरी मूगडाळ घालून शेपूची भाजी झाली की हे ताट उचलून अंगणात जाऊन बसत. आणि ज्या वासावर ते भाळले, तो डिल म्हणजे शेपूच! हे त्यांना आत्याने सांगितलं. लग्न होऊन ती तिकडे गेली आणि बरणी उघडून नाकाशी धरल्याबरोबर म्हणाली, "अहो, हा तर शेपू." दोन दिवस आतोबा ते मानायलाच तयार नव्हते. आता मानतात, पण मिरजेचा शेपू वेगळा आणि हा वेगळा, असा त्यांचा दावा आहे. आत्या आजही शेपूची भाजी करते तेव्हा ते पोळी-लोणच्यावर जेवतात आणि रात्री फ्रीजचं दार उघडं ठेवून, उभ्या उभ्या, बरणीतलं पिकल कुडुमकुडुम खातात. आत्या टीव्ही बघता बघता नुसती "हं" करते. त्या एका "हं"मध्ये त्यांचा सगळा संसार आहे.

मी शिकायला कोलंबसला होतो तेव्हा सुट्टीला त्यांच्याकडे असे, त्यामुळे हा सोहळा मी पार आतून पाहिलेला आहे. सॅलडचा मोसम ठरलेला. मेच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे, तिथून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या लेबर डेपर्यंत. हा आतोबांचा चातुर्मास. त्यात ओळखीत कुठेही पॉटलक निघालं की फोनवर समोरचा "तुम्ही काय..." म्हणेपर्यंत आतोबा "सॅलड आणतो" म्हणून मोकळे होतात. एका वहिनींनी धीर करून सुचवलं होतं की काका, या वेळी तुम्ही नुसत्या कागदी बश्या आणल्यात तरी चालेल. आतोबांनी दोन्ही आणलं.

तयारी आदल्या रात्री. आठ वाजता ओटा रिकामा करून घेतला जातो. पास्ता शंखाच्या आकाराचा, एक पौंडाचा, म्हणजे 454 ग्रॅमचा खोका. मॅकरोनी चालत नाही, पिळाची रोटिनी अगदीच नाइलाज झाला तर. कारण शंखाच्या पोटात पिकलचा तुकडा जाऊन बसला पाहिजे. त्यासाठी किती बारीक चिरायचं हे आतोबा डाव्या हातात एक कच्चा शंख धरून ठरवतात. चिरलेले तुकडे कागदी टॉवेलवर पसरायचे, वरून दुसरा टॉवेल दाबायचा, नाहीतर सगळ्याला पाणी सुटतं. चेडर चीज त्याच मापाचं. कांदा बारीक चिरून गार पाण्यात, उग्रपणा जावा म्हणून. एवढ्यात ओट्यावर चार सुऱ्या, तीन पाट आणि सहा वाट्या आलेल्या असतात.

खोक्यावर जेवढी मिनिटं लिहिली असतील त्याच्यावर दोन. "इटलीतला माणूस मला मारील," आतोबा प्रत्येक वेळी अभिमानाने म्हणतात. खरं तर त्यांचं बरोबर आहे. गरम पास्ता दाताला किंचित लागला तर चांगला. पण फ्रीजमध्ये गेला की त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि नेमका शिजलेला शंखही चिवट लागतो. म्हणून आधीच मऊ. मग चाळणीत ओतून वर गार पाणी, आणि अंगात थोडी धग आहे तोवर बरणीतला अर्धी वाटी खार. आंबट, खारट, लसणाचा आणि शेपूचा वास असलेला. "बघ, बघ, पितोय," आतोबा चाळणीवर वाकून म्हणतात. आपण वाकून बघावं. काही दिसत नाही. तरी "हो, पितोय" म्हणावं, नाहीतर ते स्टार्चवर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

ड्रेसिंगला दोन वाट्या मेयोनीज असेल तर एक वाटी सावर क्रीम, वर खार, मिरपूड, चिमूटभर लाल तिखट आणि ताजा शेपू. तो मात्र या घरात 'डिल' म्हणायचा. पाव हिस्सा ड्रेसिंग झाकून बाजूला ठेवायचं, कारण पास्ता रात्रभर पीत राहतो आणि सकाळी कोरडा पडतो. शेवटी सगळं एकत्र कालवून बाउल फ्रीजमध्ये. त्यासाठी आत्याचं विरजण बाहेर येतं. "मुरू दे," आतोबा म्हणतात. हे त्यांचं आवडतं वाक्य. सॅलडबद्दलही, नवीन जावयाबद्दलही. रात्री पाणी प्यायचं निमित्त करून दोनदा उठतात, चमचाभर चाखतात आणि अंधारात स्वतःशीच म्हणतात, "अजून नाही."

बरणीच्या बाबतीत त्यांचं सोवळं कडक आहे. एकदा मी दुकानातून चुकीची बरणी आणली. तिकडे 'ब्रेड अँड बटर' नावाची पिकल्स मिळतात, दिसायला तशीच, पण साखरेच्या पाकातली. आतोबांनी चष्मा लावून घटकपदार्थ वाचले, बरणी माझ्या हातात परत दिली आणि म्हणाले, "हा मोरांबा आहे." मिरॅकल व्हिप नावाचं जे ड्रेसिंग 1933 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात आलं आणि मेयोनीजपेक्षा स्वस्त म्हणून मंदीत घरोघर पोचलं, तेही गोडसर, म्हणून तेही बाद. ज्या माणसाला आमटीत गूळ कमी पडला तर जेवण जात नाही, त्याचा हा बाणा! "आमटीची गोष्ट वेगळी," एवढंच उत्तर मिळतं.

मेयोनीज हेलमन्सचंच. लेक सिअॅटलला राहायला गेली तेव्हा आतोबा कौतुकाने तिच्याकडे सॅलड करायला निघाले आणि दुकानातून रिकाम्या हाताने परत आले. "इथे हेलमन्स नाही. हे कसलं शहर?" लेकीने समजावलं की बाबा, रॉकी पर्वताच्या पश्चिमेला तेच मेयोनीज 'बेस्ट फूड्स' नावाने विकतात, तीच निळी रिबन बघा. आतोबांनी दोन्ही बरण्यांचे फोटो शेजारी शेजारी लावून घटकपदार्थ ताडून पाहिले. सॅलड झालं. पण मुरलं नाही असं त्यांचं मत कायम आहे.

पॉटलकचं दृश्य तर बघण्यासारखं. टेबलावर बटाटेवडे, मसालेभात, पुऱ्या, श्रीखंड आणि या सगळ्यात आतोबांचा बाउल, मिरजेहून नेलेल्या पितळी परातीत बर्फ भरून त्यावर ठेवलेला. शेजारी लहान वाडगं, त्यावर चिकटपट्टी, 'बिनअंड्याचं'. अंडं न खाणाऱ्यांसाठी यात मेयोनीजऐवजी चक्का असतो. आतोबा स्वतः मनगटी घड्याळाकडे बघत उभे. असं गार अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही आणि हवा 90 फॅरनहाइटच्या वर, म्हणजे आपल्या 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास, हा अमेरिकी सरकारचा सल्ला आतोबांइतका मनावर अमेरिकेत कुणीच घेतला नसेल. "वीस मिनिटं राहिली!" ते ओरडतात. भजनाला सुरुवात झालेली असली तरी ओरडतात.

वाढून घेतलेल्या माणसाची परीक्षा लगेच. "आंबटपणा कुठे लागला? जिभेच्या टोकाला की मागे?" या प्रश्नाला उत्तर नाही. "छान झालंय" म्हटलेलं त्यांना पुरत नाही. आणि कुणी मसालेभाताबरोबर ते तोंडी लावायला घेतलं की त्यांचा चेहरा पडतो. "कोशिंबीर नाही ती," ते हळूच म्हणतात, समोरच्याला ऐकू जाईल इतकं हळू.

एकदा मात्र त्यांना बोलताच आलं नाही. कुणाच्या तरी आई सहा महिन्यांसाठी सोलापूरहून आल्या होत्या. त्यांनी बशीत डावभर सॅलड घेतलं, एक घास खाल्ला आणि बशी आतोबांपुढे धरून फार मायेने म्हणाल्या, "अहो, पार गार झालंय. जरा मायक्रोवेव्हमध्ये गरम करून देता का?"

मेयोनीज तापवलं की फुटतं, तेल वेगळं होतं. हे आतोबा एरवी कुणालाही अर्धा तास समजावून सांगतील. पण ऐंशीच्या आसपासची बाई, डोक्यावरून पदर, हातात थरथरणारी बशी. आतोबांनी बशी घेतली, मायक्रोवेव्हपर्यंत गेले, दार उघडलं, बंद केलं आणि तशीच परत आणून दिली. "झालं गरम." आजींनी खाल्लं. म्हणाल्या, "आता बरं लागतंय. पण वरून मोहरी-हिंगाची फोडणी हवी होती हो."

त्या रात्री उरलेल्या सॅलडवर आत्याने खरंच फोडणी घातली, दोन हिरव्या मिरच्या टाकून. आम्ही दोघांनी ओट्यापाशी उभं राहून ते संपवलं. फार सुरेख लागलं. आतोबांना हे अजून माहीत नाही, आणि हा मजकूर कुणी त्यांना वाचून दाखवू नये.

मध्यंतरी त्यांना एक नवाच साक्षात्कार झाला. एका नव्या बरणीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'भारतात तयार'. खोटं नव्हतं ते. या लोणच्याच्या काकड्या, गर्किन, आपल्याकडे कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडूत कराराने पिकवतात आणि व्हिनेगरात किंवा मिठाच्या पाण्यात घालून जवळजवळ सगळ्या परदेशी पाठवतात. 2020-21 या एका वर्षात दोन लाख टनांहून जास्त गेल्या. आतोबा बरणी हातात घेऊन बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. मग मला फोन केला. "अरे, मिरजेहून कर्नाटकाची हद्द ती किती? सायकलने जायचो आम्ही. आणि ही काकडी खायला मी ओहायोत आलो!" पलीकडून आत्याचं "हं" मला स्पष्ट ऐकू आलं.

सॅलड कसं लागतं, असं कुणी विचारलं तर सांगतो: चांगलं लागतं. पहिल्या दिवशी बरं, दुसऱ्या दिवशी फारच चांगलं. कडक उन्हातून आल्यावर गार, मऊ शंख दाताखाली येतो, आतून पिकलचा तुकडा कचकन फुटतो आणि आंबट खार जिभेवर पसरतो, तेव्हा आतोबांचं सगळं व्याख्यान माफ करावंसं वाटतं. त्यांनाही ते कळतं. मग ते पुन्हा वाढतात आणि पुन्हा स्टार्चवर येतात.

तुम्ही कोलंबसच्या बाजूला राहत असाल तर एवढंच करा. पिकलची बरणी संपली तर उरलेला खार सिंकमध्ये ओतू नका. आतोबांना कळवा. रात्री नऊनंतरही ते गाडी काढून येतात, आणि बरणी स्वतःची आणतात.